पार्टिशनचे प्रकार आधी ओळखा, मग डिस्कला हात लावा: टप्प्याटप्प्याने सविस्तर माहिती

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कचे वेगवेगळे वापरता येणारे भाग. ते करताना बटणं सगळ्यांना सापडतात, घोळ होतो तो त्याच्या आधीच. तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकच धरून चालतात. "माझी डिस्क एनटीएफएस आहे, ती जीपीटी कशी करू" किंवा "लॉजिकल घेऊ की फॅट३२ घेऊ" असे प्रश्न सतत येतात आणि अशा प्रश्नाला सरळ उत्तर देताच येत नाही कारण त्यात दोन वेगळे थर एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून आधी ते थर वेगळे करू आणि मग प्रत्यक्ष कामाला लागू. खालचे टप्पे विंडोज १० आणि ११ धरून आहेत, लिनक्सवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय. क्रम मोडू नका, निम्मे अपघात क्रम मोडल्यानेच होतात.

टप्पा १: तीन प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न, डिस्कवर पार्टिशन टेबल कुठलं आहे? हे अख्ख्या डिस्कला एकच असतं, एमबीआर किंवा जीपीटी. डिस्कवर कुठलं पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद यात असते.

दुसरा प्रश्न, पार्टिशन कुठल्या प्रकारचं आहे? एमबीआर असेल तर प्रायमरी, एक्स्टेंडेड, लॉजिकल (यांचा अर्थ टप्पा ३ मधे). जीपीटी असेल तर हे तीन शब्द विसरून जा, तिथे ईएफआय सिस्टिम, रिझर्व्ह्ड, रिकव्हरी आणि साधं डेटा पार्टिशन असे प्रकार असतात.

तिसरा प्रश्न, त्या पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल मांडून ठेवायची पद्धत, कुठली? एनटीएफएस, फॅट३२, एक्सफॅट, ईएक्सटी४ वगैरे. फॉरमॅट करताना बदलतं ते फक्त हे. फॉरमॅट केल्याने एमबीआरचं जीपीटी होत नाही आणि लॉजिकलचं प्रायमरीही होत नाही, कितीही वेळा करा.

कुठलीही अडचण आली की आधी स्वतःला विचारा की ही तिघांपैकी कुठल्या थरातली आहे.

टप्पा २: आपली डिस्क नीट वाचा, काहीही न बदलता

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. वरची यादी सोडा, खालच्या पट्ट्या बघा, कारण कुठल्या पार्टिशनच्या शेजारी कुठलं आहे हे तिथेच दिसतं आणि पुढे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

डावीकडे जिथे डिस्क ०, डिस्क १ असं लिहिलेलं असतं तिथे राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स टॅब. तिथे पार्टिशन स्टाइल या ओळीत एमबीआर की जीपीटी ते लिहिलेलं असतं. डावीकडच्या चौकोनात बेसिक (नेहमीचा साधा प्रकार) आहे की डायनॅमिक (विंडोजचा जुना वेगळा प्रकार) तेही बघून घ्या, बेसिकच हवं.

मग स्टार्टमधे सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा आणि बायोस मोडची ओळ बघा (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम). यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर विंडोजची डिस्क जीपीटी असणार, लेगसी (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर.

रंगही बघा. काळी पट्टी म्हणजे अनअलोकेटेड, कुणाच्याच मालकीची नसलेली जागा. गडद निळी म्हणजे प्रायमरी. हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेड, तिच्या आतली फिकट निळी म्हणजे लॉजिकल आणि आतलीच भडक हिरवी म्हणजे फ्री स्पेस. काळी आणि भडक हिरवी या दोन्ही रिकाम्याच जागा असल्या तरी त्या एक नाहीत. "जागा रिकामी आहे तरी सी ड्राइव्ह वाढत नाही" या तक्रारीचं कारण बऱ्याच वेळा हेच असतं, ती जागा एक्स्टेंडेडच्या आत असते आणि प्रायमरीला ती घेता येत नाही.

तपासणी: या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. स्क्रीनशॉट त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, डिस्कच उघडली नाही तर तो बघणार कुठे.

सावधान: जुनी डिस्क जोडल्यावर विंडोजने "इनिशियलाइज करा" (म्हणजे नवं पार्टिशन टेबल लिहा) किंवा "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं विचारलं आणि तिच्यात तुमचा डेटा असेल तर कॅन्सल दाबा. लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही म्हणूनही ते फॉरमॅट मागतं. त्या डिस्कला काही झालंय असा त्याचा अर्थ नाही.

टप्पा ३: एमबीआर असेल तर हे समजून घ्या

एमबीआर म्हणजे डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा). त्यात पार्टिशनच्या नोंदींसाठी ६४ बाइट आणि एक नोंद १६ बाइटची, म्हणजे चारच नोंदी बसतात. चार प्रायमरीची मर्यादा इथून आलीय, ती कुठल्याही सेटिंगने वाढत नाही.

चारपेक्षा जास्त हवी असतील तर चारपैकी एक नोंद एक्स्टेंडेडला द्यायची. एक्स्टेंडेड म्हणजे नुसतं खोकं, त्यात फाइल ठेवता येत नाही, त्याला ड्राइव्ह लेटर (सी, डी असं अक्षर) मिळत नाही. त्याच्या आत लॉजिकल पार्टिशन बनतात आणि डेटा त्यात राहतो. एका डिस्कवर एक्स्टेंडेड एकच. साध्या डेटासाठी प्रायमरी आणि लॉजिकल यांच्यात वेग किंवा भरवशाचा काहीच फरक नाही, लॉजिकल म्हणजे कमी दर्जाचं असा समज डोक्यातून काढून टाका. फरक पडतो तो बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू होण्यासाठी, विंडोज ज्या पार्टिशनवरून सुरू होतं ते प्रायमरी आणि ॲक्टिव्ह (इथून सुरू व्हायचं अशी खूण असलेलं) लागतं.

लिनक्समधे ओळखायला सोपं आहे, १ ते ४ नंबर प्रायमरी किंवा एक्स्टेंडेडचे आणि लॉजिकल कायम ५ पासून पुढे, मधले नंबर वापरात नसले तरी.

दुसरी मर्यादा आकाराची. ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआरला २०४८ जीबीच्या पुढचं दिसत नाही. ४ टीबीची डिस्क विंडोजमधे साधारण ३७२६ जीबी दिसते, ती एमबीआर केली तर शेवटचे १६७८ जीबी काळ्या पट्टीत नुसते पडून राहतात आणि त्यावर राइट क्लिक केलं तरी नवीन व्हॉल्यूमचा (विंडोज पार्टिशनला व्हॉल्यूम म्हणतं) पर्याय करडाच दिसतो, म्हणजे दाबता येत नाही. डिस्क नकली निघाली असं समजून परत करायला निघू नका, टेबल बदललं की ती जागा मिळते.

सावधान: चार प्रायमरी आधीच असताना पाचवं करायला गेलात तर विंडोज एक लांबलचक सूचना दाखवतं की डिस्क डायनॅमिक होईल, हो की नाही. लोक न वाचता हो म्हणतात. डायनॅमिकवरून परत बेसिक करायचं तर विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात. मायक्रोसॉफ्टनेही डायनॅमिक डिस्कचा हा प्रकार आता मोडीत काढलाय. नाही दाबा.

दुसरं सावधान: "मार्क पार्टिशन ॲज ॲक्टिव्ह" हा पर्याय फक्त एमबीआरवर चालतो, त्याला सहज म्हणूनही हात लावायचा नाही. डेटाचं पार्टिशन ॲक्टिव्ह केलं की पुढच्या वेळी मशीन बूटच होत नाही.

टप्पा ४: जीपीटी असेल तर छोटी पार्टिशनं कशाची ते ओळखा

इथे चारची भानगड नाही, विंडोज १२८ पर्यंत पार्टिशन करू देतं, टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि चेकसमही (टेबल बिघडलंय का ते ओळखणारा आकडा) असतो. एमबीआरची गरज नसेल तर आज नवीन डिस्क जीपीटीच करा.

सी ड्राइव्हच्या आजूबाजूला जी छोटी पार्टिशनं दिसतात ती "फुकट जागा खातायत" म्हणून उडवली जातात, म्हणून एकेक सांगतो.

ईएफआय सिस्टिम पार्टिशन बहुतेक वेळा १०० किंवा २६० एमबीचं, आतून फॅट३२. मशीन सुरू होताना आधी यातलीच फाइल वाचतं. हे गेलं की विंडोज जागेवर असूनही सुरू होणार नाही.

मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड विंडोज १० पासून १६ एमबीचं असतं. हे डिस्क मॅनेजमेंटमधे दिसतच नाही, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडच्या साधनात यादी काढली की दिसतं. तिथे ते अचानक दिसल्यावर घाबरायचं कारण नाही.

रिकव्हरी पार्टिशन काहीशे एमबी ते १ जीबीच्या आसपास, शक्यतो सीच्या लगेच उजवीकडे. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीचा निळा स्क्रीन येतो तो इथून. लॅपटॉपमधे कधी कधी कंपनीचं १०-२० जीबीचं वेगळं रिकव्हरीही असतं.

टप्पा ५: तयारी

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर कॉपी केलं तर तो बॅकअप धरायचा नाही, डिस्क गेली की सी-डी दोन्ही एकदमच जातात. आणि कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाइल उघडून बघा, कॉपी झाली असं वाटणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं.

बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ते आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधून काढून कागदावर लिहा, मग बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं थांबवणं) करा. बूटशी संबंधित काही बदललं की मशीन ती की मागतं आणि ती नसेल तर डेटा असूनही नसल्यासारखाच.

ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधे टूल्समधून एरर चेकिंग चालवा. फाइल सिस्टिममधे चुका असताना पार्टिशन लहान-मोठं करायचं नाही. डिस्क खरखर आवाज करत असेल किंवा स्मार्ट स्टेटस (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते ती माहिती) खराब सांगत असेल तर पार्टिशनचा विचार सोडा, आधी डेटा बाहेर काढा.

लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस असेल तर उत्तम. आणि लिनक्स टाकणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं आणि लिनक्सने त्या पार्टिशनवर लिहिलं की फाइल खराब होऊ शकतात.

टप्पा ६: कागदावर मांडणी

किती पार्टिशन हवीत ते आधी ठरवा. माझं स्पष्ट मत आहे की एकाच डिस्कचे पाच-सहा तुकडे करू नयेत, एकात जागा संपते आणि बाकीच्यांत पडून राहते. सी आणि एक डेटासाठी, बहुतेकांना एवढं पुरतं. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची असली तरी सी १५० जीबीच्या खाली ठेवू नका, अपडेट आणि प्रोग्राम मिळून ते भरतंच. तुकडे केल्याने एसएसडीचा वेग वाढत नाही हेही लक्षात असू द्या.

हिशोब करताना विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरतं. म्हणून ५१२ जीबीची एसएसडी तिथे ४७७ जीबीच्या आसपास दिसते, कुणी जागा चोरलेली नसते. हव्या तेवढ्या जीबीला १०२४ ने गुणून एमबीचा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

टप्पा ७: जागा काढणे, म्हणजे श्रिंक

सीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. थोडा वेळ घेऊन एक चौकट येते, त्यात चार आकडे असतात आणि बदलता येतो फक्त तिसरा. या आकड्यावर सगळ्यात जास्त लोक चुकतात. तिथे सीमधून किती काढायचं ते विचारलेलं असतं आणि लोक सी किती ठेवायचं ते टाकतात. ४७६ जीबीच्या सीमधून २०० जीबीचं डी काढायचं असेल तर २०४८०० टाका. खाली चौथा आकडा सी किती उरेल ते दाखवतो, त्याला १०२४ ने भागून कागदाशी जुळवा, मगच श्रिंक दाबा.

रिकामी जागा ३०० जीबी दिसतेय पण श्रिंकला ४० जीबीच देतंय, असं होतं. कारण काही फाइल विंडोज चालू असताना हलत नाहीत, जसं की पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरचा साठा. अशी एखादी फाइल मधेच बसलेली असेल तर तिच्या अलीकडे येताच येत नाही. हायबरनेशन बंद करा, पेजफाइल तात्पुरती बंद करा, रीस्टार्ट करा आणि परत प्रयत्न करा, काम झालं की दोन्ही पूर्ववत. सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलंत तर जुने रिस्टोअर पॉइंट जाऊ शकतात, तेवढं धरून चला.

तपासणी: सीच्या उजवीकडे काळी पट्टी आली का आणि तिचा आकार कागदावरचाच आहे का.

टप्पा ८: नवीन पार्टिशन

काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम. आकार, लेटर, फाइल सिस्टिम एवढंच विचारतं. एमबीआरवर पहिली तीन प्रायमरी होतात आणि चौथ्याला विंडोज आपणहून एक्स्टेंडेड करून आत लॉजिकल बनवतं, त्यामुळे हिरवी चौकट दिसली तर काही चुकलं असं नाही.

फाइल सिस्टिम आतल्या डिस्कला एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरवायच्या बाहेरच्या डिस्कला एक्सफॅट. फॅट३२ मधे ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, मोठा व्हिडिओ कॉपी होताना अडतो तो यामुळे. अलोकेशन युनिट डिफॉल्टच ठेवा. क्विक फॉरमॅट चालेल, जुन्या डिस्कवर खराब सेक्टरचा संशय असेल तरच टिक काढा आणि मग वेळ लागू द्या.

सावधान: नीट चाललेल्या ड्राइव्हचं लेटर बदलू नका, प्रोग्राम जुन्या पत्त्यावर फाइल शोधत बसतात.

टप्पा ९: सी वाढवायचं असेल तर

एक्स्टेंड व्हॉल्यूमचा एकच नियम आहे, काळी जागा सीच्या लगेच उजवीकडे चिकटून हवी. डावीकडची चालत नाही, मधे काही असेल तरी चालत नाही. लोक डी उडवतात, जागा काळी होते आणि एक्स्टेंड तरी करडाच, कारण सी आणि त्या जागेच्या मधे रिकव्हरी बसलेलं असतं. म्हणून डी उडवण्याआधी पट्टी बघा. मधे रिकव्हरी असेल तर चांगल्या पार्टिशन सॉफ्टवेअरने ते उजवीकडे सरकवावं लागतं, सरकवताना वीज गेली तर त्या पार्टिशनचं नुकसान होतं म्हणून टप्पा ५ टाळायचा नाही. एमबीआरवर जागा भडक हिरवी असेल तर आधी आतला डेटा हलवून, सगळे लॉजिकल उडवून एक्स्टेंडेडच काढावं लागेल.

टप्पा १०: एमबीआरचं जीपीटी करणं

डेटाच्या डिस्कचा बॅकअप घ्या, सगळे व्हॉल्यूम डिलीट करा, मग डावीकडच्या चौकोनावर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू जीपीटी. डिस्क पूर्ण रिकामी होईपर्यंत हा पर्याय करडा असतो.

विंडोज असलेल्या डिस्कसाठी विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन येतं, ते डेटा न उडवता करतं. अटी मात्र आहेत, प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल एकही नको. आधी व्हॅलिडेट (काही न बदलता नुसती तपासणी) चालवा, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. झाल्यावर बायोसमधे जाऊन लेगसीवरून यूईएफआय करायचं, ते विसरलं की बूट होत नाही आणि लोकांना वाटतं डेटा गेला. आणि मदरबोर्डला यूईएफआय आहे ना ते सुरुवातीलाच बघा, नंतर नाही.

टप्पा ११: नवीन विंडोज किंवा लिनक्स टाकताना

दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज नव्या डिस्कवर बसतं आणि बूटच्या फाइल जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमधे जातात, पुढे जुनी डिस्क काढली की मशीन सुरू होत नाही. शिवाय सेटअपमधे ड्राइव्ह लेटर दिसत नाहीत, नुसते नंबर आणि आकार दिसतात, म्हणून टप्पा २ चा फोटो समोर ठेवा.

"निवडलेल्या डिस्कवर एमबीआर टेबल आहे" असं म्हणून सेटअप अडला तर घाईने सगळी पार्टिशनं उडवू नका, त्यात तुमचा डीसुद्धा जातो. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमधे सुरू झालाय म्हणून ते अडतं. बाहेर या, बॅकअप घ्या, मग टप्पा १०.

लिनक्सच्या इन्स्टॉलरमधे असलेलं ईएफआय पार्टिशन वापरायला सांगा, पण त्याच्या फॉरमॅटच्या खुणेवर टिक नको, नाहीतर विंडोजचं बूट जातं. रूटला (लिनक्सच्या मुख्य पार्टिशनला) ईएक्सटी४ द्या, होम (तुमच्या फाइलचं) वेगळं ठेवलं तर पुढे सिस्टिम नव्याने टाकताना बरं पडतं.

टप्पा १२: झाल्यावर तपासणी

एकदा रीस्टार्ट, एकदा पूर्ण शटडाऊन करून परत चालू. डिस्क मॅनेजमेंटमधे प्रत्येक पट्टीवर हेल्दी आणि डावीकडे बेसिक. नव्या ड्राइव्हवर एक मोठी फाइल टाकून उघडून बघा. बिटलॉकर परत चालू झालंय का, फास्ट स्टार्टअप आणि पेजफाइल हवं तसं आहे का. बॅकअप लगेच पुसू नका, काही दिवस राहू द्या.

टप्पा १३: चुकून पार्टिशन उडालंच तर

तिथेच थांबा. पार्टिशन डिलीट झालं म्हणजे बऱ्याच वेळा फक्त टेबलमधली नोंद गेलेली असते, आतला डेटा जागेवर असू शकतो. त्या जागेत नवीन पार्टिशन करू नका, फॉरमॅट करू नका, त्या डिस्कवर काहीही डाऊनलोड करू नका. एसएसडीवर तर फॉरमॅट केलं की विंडोज ट्रिम (ही जागा आता रिकामी समज अशी सूचना) पाठवतं आणि मग परत मिळायची आशा फार थोडी राहते.

मशीन बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, विंडोजने इनिशियलाइज किंवा फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल. टेस्टडिस्क हे फुकट साधन हरवलेली पार्टिशनं शोधून नोंद परत लिहू शकतं, पण शोधल्यावर लगेच राइट करू नका, आधी त्यातच फाइलची यादी उघडून ओळखीची फोल्डर दिसतात का बघा. दिसली तर आधी त्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या आणि टेबल दुरुस्तीचं नंतर बघा. डेटा खूप महत्त्वाचा असेल आणि डिस्क आवाज करत असेल तर हेही करू नका, वीज काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे तशीच द्या.